१४२८५७ चे आकडे फिरतात कसे?

बी-२०३: लिफ्टपाशी पोरांचं चाललं होतं, १४२८५७ ला २ ने, ३ ने गुणायचं. २८५७१४, ४२८५७१. मी ६ पर्यंत करून पाहिलं, तेच आकडे फिरून येतात. हे का होतं?

सी-१०१: शुभ आकडा असणार.

ए-५०४: शुभ-अशुभ काही नाही हो, साधा भागाकार आहे. कागद घेऊन १ ला ७ ने भागा. बाकी ३ येते, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. म्हणजे शून्य सोडून ज्या सहा बाक्या शक्य आहेत, त्या सगळ्या येऊन जातात. दशांशात १४२८५७ हाच क्रम फिरत राहतो. आता २ ला ७ ने भागा. चक्र तेच, फक्त सुरुवात बाकी २ पासून, म्हणून २८५७१४. ७ ने गुणलंत तर ९९९९९९.

बी-२०३: बाई, मग १३ चंही असंच होईल?

ए-५०४: नाही. तिथे बारापैकी सहाच बाक्या येतात आणि चक्र ०७६९२३ वर संपतं. दुप्पट करा, १५३८४६. आकडेच बदलले! १७ ला मात्र सोळाच्या सोळा बाक्या येतात. पोरांना तो भागाकार हातानेच करू दे, कॅल्क्युलेटर देऊ नका.

डी-३०२: ही कापरेकर संख्यासुद्धा आहे ना, म्हणजे वर्गाचे दोन तुकडे मिळवले की पुन्हा तीच संख्या? वर्ग २०४०८१२२४४९. तोडून मिळवलं, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

ए-५०४: अगदी बरोबर! शिवाय हर्षदही, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी. अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७. हे दोन्ही प्रकार द. रा. कापरेकरांचे. जन्म डहाणूचा, १९०५ चा. देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ मुळे (चार आकडी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करत राहिलं की शेवटी हीच येते, फक्त सगळे अंक सारखे नकोत) त्यांचं नाव जगभर गेलं, पण मला हर्षद संख्या जास्त आवडतात. चौथीतलं मूलसुद्धा स्वतः तपासू शकतं, कुणावर विश्वास ठेवायला नको.

सी-१०१: आमच्या धाकटीला जमेल असं काही?

ए-५०४: ४५ द्या. वर्ग २०२५, २० + २५ = ४५. मग ५५ आणि ९९ तिलाच करू दे.

सी-१०१: ५५ झालं! ३०२५, ३० + २५. आता ९९ चा वर्ग करतेय.