अनुभव धागा: बाळासाठी जुन्या वळणाचं नाव

यमुना, सगुणा, गोदावरी, केशव, रघुनाथ ही पणजी-पणजोबांच्या पिढीतली नावं पुन्हा बारशाला ऐकू येऊ लागली आहेत. ज्यांनी अशी नावं शोधली, सुचवली किंवा कागदावर चढवली, त्यांनी इथे लिहावं. घरच्या गोष्टी नकोत. नाव कुठे सापडतं, कशावर घासून पाहायचं, कुठे अडतं, एवढंच नेमकं सांगा.

शाईदौत

छापील नामावल्या बाजूला ठेवा. त्यांत गेल्या तीस वर्षांत घडवलेली नावंही ‘पारंपरिक’ म्हणून घुसवलेली असतात. खरी जुनी नावं तीन ठिकाणी मिळतात. पहिलं, घराण्याचा कुळवृत्तांत, म्हणजे वंशावळीचं पुस्तक. दुसरं, वडिलोपार्जित जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. वारसनोंदीत घरातल्या बायकांची नावं येतात, जी एरवी कुठेच लिहिलेली नसतात. फेरफार तलाठी कार्यालयात मागता येतात, आणि बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख ऑनलाइनही आहेत. तिसरं, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्यांची नावं असतात. तिथे आडनावाबरोबर मूळ गावही सांगावं लागतं.

मुलीचं नाव शोधताना एक गोष्ट हमखास निसटते. लग्नात नाव बदलत असल्याने कागदावर सासरचंच नाव उरतं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुना. म्हणून पणजीचं माहेरचं नाव मुद्दाम विचारा. ते सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि दोन्हींतून निवडायचं तर माझं मत ठामपणे माहेरच्या नावाला.

कोयनाकाठ

नाव मागे का पडलं, हे पाहिल्याशिवाय ते उचलू नये. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं बहुधा आधीची मुलं दगावलेल्या घरांतली. मृत्यूची नजर बाळावर पडू नये किंवा त्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम कमी किमतीच्या वस्तूचं नाव द्यायचं. त्यामागे माया होती, आणि धोंडो केशव कर्व्यांमुळे त्यातल्या एका नावाला मोठा मानही मिळाला. ज्याला हे ठेवायचं त्याने खुशाल ठेवावं, फक्त मुलाला कारण सांगता आलं पाहिजे.

नकुशीचं तसं नाही. ते नाव मुलगी नकोच होती हे तिच्या तोंडावर सांगतं. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. ‘वेगळं वाटतं’ म्हणून ते कुणी परत आणू नये.

ओसरी

नाव तीन प्रकारे मोठ्याने हाक मारून पाहा: पूर्ण, लाडाने आणि रागाने. मराठीत मुलाच्या नावाला ‘्या’ लागणारच. रघुनाथचा रघ्या, दामोदरचा दाम्या, दोन्ही चालून जातात. मोरेश्वरचा मोऱ्या होतो, आणि शाळेत त्याला लगेच न्हाणीघर दाखवलं जातं. पांडुरंगचा पांडू होतो, म्हणजे हवालदार. या नावांवर जीव असेल तर पहिल्या दिवसापासून घरात दुसरं लाडकं रूप रुजवा, उदाहरणार्थ मोरेश्वरसाठी ‘ईशू’. घरचे जे म्हणतात, तेच बहुतेक वेळा शेजारपाजारही उचलतो.

मुलींची जुनी लघुरूपं फार सुंदर आहेत: यशोदाची येसू, सरस्वतीची सरू, मथुरेची मथू, वेणू तर आहे तशीच.

आजी-आजोबांचं नाव ठेवलं की आणखी एक अडचण येते. सुनेला सासऱ्यांच्या नावाने मुलावर ओरडणं जड जातं. पूर्वी म्हणूनच अशा मुलांना नाना, आबा, बाळ म्हणत. ती सोय आजही चांगली आहे.

सुईदोरा

कागदाचं बघा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण त्या वेळी नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. नोंदीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा घाईत ‘आत्ता काहीतरी लिहू, मग बदलू’ करू नका. कोरी जागा भरणं सोपं असतं, भरलेलं बदलणं त्रासाचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांचा शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना सगळं जन्मदाखल्यावर चालतं, म्हणून तिथली एक वेलांटीसुद्धा महत्त्वाची.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. पुरुषोत्तम किंवा अन्नपूर्णासारखं लांब नाव ठेवायचं असेल तर चारही भाग एका ओळीत लिहून पाहा.

रोमन अक्षरांत तर जुनी नावं फार घसरतात. सई एस-ए-आय असं लिहिलं की साई वाचतात, जाईचं जय होतं. सईला शेवटी दोन ‘ई’ द्या. कमळाची कमला होते, त्याला इलाज नाही. ‘ज्ञ’ डी-एन-वाय-ए लिहायचं की जी-वाय-ए, हे एकदा ठरवा आणि दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा.

रोहिणी_चरण

नावरस अक्षराचा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणाऱ्या आद्याक्षराचा, आग्रह असेल तर: आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात, हस्ताला पू, ष, ण, ठ. ‘ङ’ किंवा ‘ण’वरून नाव शोधत बसू नका. जन्मनाव पत्रिकेपुरतं वेगळं ठेवून व्यवहारात हवं ते नाव देण्याची रीत जुनीच आहे.

टेम्सकाठ

इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीला 42 दिवस असतात, त्यामुळे बाराव्या दिवशी बारसं करून मग नाव लिहिता येतं. ‘ळ’, ‘ण’, ‘ज्ञ’ इथल्या जिभेवर बसत नाहीत. रमा, उमा, केशव, माधव मात्र सहज बसतात.

तुळशीवृंदावन

एक प्रश्न: दाखल्यावर गोदावरी लिहावं की नुसतं गोदा?

सुईदोरा

घरात गोदाच म्हणणार असाल आणि मोठेपणीही तेच चालावं असं वाटत असेल, तर गोदाच लिहा. दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं. पूर्ण नाव लिहिणार असाल तर शाळेच्या अर्जातही गोदावरीच, आणि गोदा फक्त हाकेपुरतं.