अनुभव धागा: कोकणात शिक्षकाची नोकरी मिळवताना आणि टिकवताना

गेल्या रविवारी आमच्या वाडीतली एक मुलगी पेढे घेऊन आली. डी.एल.एड.ला (पूर्वीचं डी.एड., प्राथमिक शिक्षकाची पदविका) प्रवेश मिळाला म्हणून. तिची आई मागोमाग. पदराला हात पुसत मला विचारते, "बाई, हिका नोकरी गावतली मां?" (हिला नोकरी मिळेल ना?) मला पटकन हो म्हणता आलं नाही, आणि त्या पोरीसमोर नाही म्हणवलं नाही. त्या माउलीला द्यायचं खरंखुरं उत्तर एका जागी जमावं म्हणून हा धागा काढतेय.

आधी माझं सांगते. कुडाळ तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. डी.एड. झाले २००९ ला. २०१० च्या सीईटीत, म्हणजे शिक्षकभरतीच्या परीक्षेत, थोडक्यात राहिले. पुढच्या वेळी देऊ म्हटलं, पण ती पुढची वेळ आलीच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, पटावरची खोटी नावं उघडी पडली आणि २ मे २०१२ पासून भरतीच थांबली. डिसेंबर २०१३ ची पहिली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास झाले, तर प्रमाणपत्र हातात आणि जागा कुठेच नाही. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर माझं नाव लागलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. डी.एड.पासून मोजली तर दहा वर्षं.

ती दहा वर्षं मी एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत काढली. महिना २८०० रुपयांवर सुरुवात, मे महिन्याचा पगार नाही. नोकरी लागल्यावरही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना सहा हजार मानधन. मानधन सोळा हजार झालं जानेवारी २०२३ पासून, तेव्हा माझा सेवक काळ संपून गेला होता. आता लागणाऱ्यांना ते मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

मला जे उशिरा कळलं ते एवढंच. परीक्षा पास होणं आपल्या हातात असतं, पण आपलं पद टिकतं ते पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर. दर ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. आमच्या वाडीत मूल जन्माला आलं की मी बारशाला जाते. प्रेमानं जाते, पण सहा वर्षांनी ते पहिलीत आपल्याकडे येईल का हेही डोक्यात असतं. घरं बंद, माणसं मुंबईला, गावात राहिलेल्यांची मुलं स्कूल व्हॅननं तालुक्याला. गणपतीत प्रत्येक घरात जाऊन बसते. चाकरमान्यांच्या सुना सांगतात, "बाई, गावात राहायला आवडलं असतं." त्यातली एक गेल्या वर्षी खरंच राहिली. तिचे दोन मुलगे माझ्या वर्गात आहेत.

लिहिताना साल, पगार, कागद, प्रवास, सगळं लिहा. शाळेचं किंवा संस्थेचं नाव मात्र नको.

कणकवली तालुका, उपशिक्षक (मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात)

ताई, मी २०२४ च्या भरतीतला. प्राधान्यक्रम भरताना सिंधुदुर्ग खूप खाली टाकला होता. तोच मिळाला. समुपदेशनात शाळा निवडायची वेळ आली तेव्हा यादीतलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं, फोनवर नकाशा बघून बोट ठेवलं.

पट ९. पहिल्याच पावसात वर्गाची भिंत आतून ओली झाली, हजेरीपत्रकाला बुरशी आली. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी ते माझ्या हातातून घेतलं, चुलीवरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, जूनपासून दप्तर इथेच ठेवायचं. आजही तिथेच असतं, थोडा धुराचा वास येतो. पहिल्या आठवड्यात एक पोरगा सारखा काहीतरी मागत होता, "गुरुजी, माका भायर जावक व्हया." मला कळेपर्यंत उशीर झाला. त्याचा तो रडवेला चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. त्या रात्रीपासून मी मालवणी शब्दांची वही घातली. आता तीनशेच्या वर शब्द झालेत.

एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. माझ्या आधीचे गुरुजी आंतरजिल्हा बदलीनं आपल्या गावी गेले आणि शाळा काही महिने शिक्षकाविना राहिली, शेजारच्या शाळेतून कोणीतरी आळीपाळीनं येत होतं. म्हणून पहिल्याच पालकसभेत एका आईनं विचारलं, "गुरुजी, तुमी पण जातलास मां?" माझी आई गावी एकटी आहे. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, कधीतरी जाईन, पण जाईन तेव्हा दुसरा माणूस रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त होणार नाही, असं लेखी मागेन. ते माझ्या हातात किती आहे कोण जाणे. इथले स्थानिक डी.एड. झालेले तरुण बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या आमच्यावर नाराज आहेत. त्यांची नाराजी मला पूर्ण समजते.

दोडामार्ग तालुका

सर, तुम्ही लिहिलंत तशा रिकाम्या महिन्यांत शाळा सांभाळणाऱ्यांपैकी मी एक. कमी पटाच्या शाळेवर कंत्राटी, १५ हजार मानधन. घरापासून चार किलोमीटर, चालत जायचे. मुलं वर्षाअखेर वाचायला लागली आणि माझा आदेश संपला. तुमच्यावर राग नाही. राग याचा की राज्यभराची एकच गुणवत्ता यादी लागते आणि आमच्याकडची मुलं तिच्यात वर येतच नाहीत, कारण टीईटीच पास नसतात.

मी स्वतः दोनदा नापास. पहिल्या पेपरला खुल्या प्रवर्गात १५० पैकी ९० लागतात, मला एकदा ७८, एकदा ८४. मग मार्गदर्शक पुस्तकं बाजूला ठेवली आणि तिसरी ते आठवीची बालभारतीची पाठ्यपुस्तकं ओळन्‌ओळ वाचली. परिसर अभ्यासातले माझे निम्मे प्रश्न त्यातच चुकत होते. बालमानसशास्त्राचे तीस गुण पाठांतरानं मिळत नाहीत, प्रश्नात वर्ग डोळ्यासमोर आणावा लागतो, आणि तिथे माझं ते कंत्राटी वर्ष कामाला आलं. तिसऱ्या वेळी ९७.

अभियोग्यता चाचणी मात्र वेगळीच. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. संगणकावर द्यायची असते, आणि आमच्या गावात रेंजच नाही. मी रोज संध्याकाळी घाटीवर जाऊन मोबाईलवर सराव पेपर सोडवायचे. घड्याळ लावूनच. २०२५ ची दिली. २०२३ ला दिली होती त्यापेक्षा ३१ गुण जास्त पडले. अजून यादीची वाट बघतेय. तोपर्यंत गोव्यात एका कंपनीत पॅकिंगला जाते, सकाळी साडेसहाच्या बसनं.

गुहागर तालुका, माध्यमिक शिक्षिका

मी अनुदानित शाळेत, सेवा एकवीस वर्षं. अनुदानित म्हणजे आता पेन्शनीपर्यंत बघायला नको, असं माहेरचे सगळे म्हणायचे. आठवीची एक तुकडी कमी झाली, मग नववीची, आणि एका संचमान्यतेत माझ्या नावापुढे "अतिरिक्त" लिहून आलं. तो शब्द वाचून दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. पगार चालू राहतो, नोकरी जात नाही, हे नवीन लोकांनी आधी समजून घ्यावं, मला ते कोणी सांगितलं नव्हतं. पण समायोजनात दुसरी शाळा मिळते आणि ती कुठे मिळेल हे आपल्या हातात नसतं.

माझी शाळा आली खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. धोपावेला स्कूटर फेरीबोटीत चढवायची, दाभोळला उतरायची, पुढे चढाव. पावसात बोट पाण्यावर डोलते तेव्हा स्कूटरची मूठ घट्ट धरून उभी राहते. दप्तराला प्लास्टिकच्या दोन पिशव्या. परतीची बोट चुकली तर सगळा वळसा रस्त्यानं, म्हणून पावणेपाचनंतर कोणी थांबवलं की छातीत धस्स होतं.

तिथल्या मुलांना मी दुसऱ्याच महिन्यात विज्ञान प्रदर्शनासाठी खाडीच्या पाण्याची खारटता मोजायला लावलं. भरती-ओहोटीच्या वेळी बोटीतूनच नमुने घ्यायचो. खलाशीही आता विचारतात, "बाई, आज बाटल्या नाय?"

कोणी अतिरिक्त ठरत असेल तर सेवाज्येष्ठता यादीवर सही करण्याआधी तारखा तपासा. माझ्या एका सहकाऱ्याची रुजू तारीख यादीत चुकीची होती, आणि ते हरकत घ्यायची मुदत संपल्यावर लक्षात आलं.

राजापूर तालुका

मी विनाअनुदानित वाला. माझं सगळ्यात लांबलेलं असेल.

२००९ च्या जुलैमध्ये सरकारनं "कायम विनाअनुदानित"मधला "कायम" शब्द काढला, म्हणजे अनुदानाची वाट मोकळी झाली, तेव्हा आम्ही शाळेत साखर वाटली होती. मी त्याच्या पुढच्या वर्षी लागलो. अकरा वर्षं बिनपगारी. संस्थेकडून दिवाळीला काहीतरी मिळायचं. घर चाललं बायकोच्या शिवणावर आणि आमच्या चाळीस काजूंवर. मग अनुदान २० टक्के आलं, मग ४०. पहिला पगार खात्यात पडला तो दिवस मी पासबुक छापून घ्यायला तीनदा बँकेत गेलो, मशीन बंद होतं.

त्या वर्षांत संस्थेनं मला दोनदा सांगितलं, तुझी वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) नाही, तुझ्या जागी दुसरा येईल. दोन्ही वेळा मी वाचलो तो एका फाईलमुळे. तिच्यात काय होतं ते लिहितो, कारण हे कोणी शिकवत नाही. जाहिरातीचं कात्रण. नियुक्ती आदेश. हजर अहवाल. संस्थेच्या ठरावाची प्रत. बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या तक्त्यात) माझं पद कुठल्या प्रवर्गाचं आहे तो कागद. दर वर्षीच्या वेळापत्रकाची आणि हजेरीपटाची झेरॉक्स. दहावीच्या पेपर तपासणीची पत्रं, कारण मी त्या वर्षी खरोखर शिकवत होतो हे त्यातून दिसतं. शालार्थ आयडीची (सरकारी पगार प्रणालीतल्या क्रमांकाची) वेळ आली तेव्हा याच कागदांवर काम झालं.

आणि कामावरून काढलंच, तर खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करायचं. आमच्याकडे लोक "अध्यक्षसाहेब परत घेतील" म्हणत सहा महिने थांबतात आणि दिवस निघून जातात. गावात भांडण नको वाटतं, कारण अध्यक्ष आपल्याच भावकीतले असतात. मलाही वाटलं होतं.

चिपळूण, वरिष्ठ महाविद्यालय

सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालोय, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, सहावं वर्ष. दर जूनला नव्यानं मुलाखत, परीक्षा सुरू झाल्या की तास बंद, बिल निघतं कधी तर पुढच्या सत्रात. पूर्णवेळ प्राध्यापक शेजारच्या खुर्चीवर बसतात, ते माझ्याशी चांगलेच वागतात, पण मे महिन्यात मी भावाच्या आंब्याच्या पेट्या भरतो. एवढंच लिहितो. शिकवायला उभा राहिलो की अजून सगळं विसरतो.

लांजा तालुका, पदवीधर शिक्षक

वय ५१, सेवा १९९७ पासून. मला वाटलं होतं हा धागा नवीन मुलांसाठी आहे. पण १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. माझी सात वर्षं राहिलीत.

पहिले काही दिवस फार मनस्ताप झाला. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, दोन विद्यार्थी डॉक्टर झाले, आता मी परीक्षेला बसू? मग मुलीनं जेवणाच्या टेबलावर सराव पेपर ठेवला. तीही टीईटी देते. रात्री नऊ ते साडेदहा आम्ही दोघं समोरासमोर. चष्मा लावून ते बारीक गोल पेनानं भरताना माझा हात हळू चालतो, ती म्हणते, "बाबा, विचार नको, भरा." इंग्रजीत ती मला शिकवते, गणितात मी तिला. २३ नोव्हेंबरला दोघांनी पेपर दिला, तिचं केंद्र वेगळं. बाहेर आल्यावर तिचा पहिला फोन: "बाबा, अपूर्णांकाचं ते तुम्ही घेतलेलंच आलं."

माझ्या वयाच्या सहकाऱ्यांना एकच विनंती, न्यायालयाचा निकाल बदलेल म्हणून थांबू नका. अर्ज भरा.

वैभववाडी तालुका

राजापूरच्या सरांना विचारायचं होतं. मी यंदा जूनपासून एका संस्थेत जाते. आदेश मागितला की "देऊ, देऊ" म्हणतात. मस्टरवर नाव पेन्सिलनं लिहिलंय. मागत राहिले तर काढतील अशी भीती वाटते. काय करू?

राजापूर तालुका

बेटा, पेन्सिलीचं नाव म्हणजे काहीच नाही. आजच हजर अहवाल लिही, मुख्याध्यापकांच्या नावे, रुजू झाल्याच्या तारखेसह, दोन प्रतींत. रागानं नको, "माहितीसाठी सविनय सादर" असं लिही. एक प्रत कार्यालयात दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. शिक्का देत नसतील तर वाद घालू नकोस, घरी ये आणि तेच पत्र स्पीड पोस्टनं शाळेच्या पत्त्यावर पाठव. शिकवतेस त्या वर्गांच्या वह्या तपासून सही-तारीख टाकत जा, पालकसभेच्या इतिवृत्तावर नाव येऊ दे. पोस्टाची पावती फाईलला लाव, आणि तिची झेरॉक्स आजच काढ. त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.