‘रीचर’ बघितली का? पुस्तकातला माणूस पडद्यावर भेटला का? अनुभव लिहा

गंगापूररोडकर

‘रीचर’चे तिन्ही सीझन बघून झाले आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून इथे विचारतोय. पुस्तकं वाचून मालिका बघितलेले, पुस्तकाला हात न लावलेले, अर्ध्यात सोडून दिलेले, सगळ्यांनी लिहा. रहस्य फुटणार आहे, तेव्हा पहिला सीझन व्हायचा असेल तर आधी तो उरकून घ्या.

माझ्यापासून सुरुवात करतो. लेखक ली चाइल्ड मूळचा इंग्रज, ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये कामाला. १९९५ साली नोकरी गेली, पठ्ठ्या कादंबरी लिहायला बसला आणि १९९७ मध्ये ‘किलिंग फ्लोअर’ आलं. त्यातला रीचर म्हणजे ६ फूट ५ इंच उंची, २५० पौंड वजन (११३ किलो धरा), खिशात घडीचा टूथब्रश, घर नाही, सामान नाही. टॉम क्रूझचे दोन्ही सिनेमे, २०१२ चा आणि २०१६ चा, मी बघितले. अभिनय चांगला, पण तो खोलीत शिरला की खोली लहान झाल्यासारखी वाटत नाही, आणि पुस्तकात सगळं त्यावरच तर चालतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्राइमवर ॲलन रिचसन बसमधून उतरला तेव्हा म्हटलं, हां, हा तो.

पहिली काही मिनिटं तो अवाक्षर बोलत नाही. हॉटेलबाहेर एक जण आपल्या मैत्रिणीवर खेकसतोय, हा नुसता उभा राहून बघतो आणि तो माणूस आपसूक माफी मागतो. एवढ्या एका प्रसंगात चाळीस पानांचं काम झालं. पुढे मात्र माझी एक तक्रार आहे. कादंबरी ‘मी’च्या भाषेत आहे, मारामारी सुरू व्हायच्या आधी कोण कुठे उभा, कोणाचा गुडघा कच्चा, हा हिशेब आपण त्याच्या डोक्यात बसून ऐकतो. मालिकेत तोच हिशेब तो समोरच्याला बोलून दाखवतो. मजा येते, टाळ्या पडतात, पण माणूस थोडा बढाईखोर वाटायला लागतो.

सावानाची_वाचक

पुस्तकवाली आले बघा. पहिला फरक पहिल्याच पानावर. कादंबरीत त्याला पकडतात तेव्हा तो अंडी खात कॉफी पीत असतो. मालिकेत पीच पाय (पीचचं सारण भरलेला गोड पदार्थ) पुढ्यात येतो आणि एक घास घ्यायच्या आत बेड्या. हा बदल मला मूळापेक्षा आवडला. अंडी खाल्ली गेली तर गेली, पण न खाल्लेला पाय शेवटपर्यंत आपल्याही डोक्यात राहतो.

दुसरं, नीगली, रीचरची सैन्यातली जुनी सहकारी. ती ‘किलिंग फ्लोअर’मध्ये मुळात नाहीच, मालिकेने पहिल्या सीझनपासून आणली. कोणी अंगाला हात लावलेला तिला चालत नाही आणि रीचर त्याबद्दल तिला कधी ‘का’ म्हणून विचारत नाही. दोघांमध्ये प्रेमप्रकरण नाही, होणारही नाही. असं नातं पडद्यावर इतक्या साधेपणाने क्वचित बघायला मिळतं.

आणि क्रमाने वाचायचा आग्रह धरणाऱ्यांसाठी: पहिला सीझन पहिल्या पुस्तकावर, दुसरा एकदम अकराव्या, तिसरा सातव्या. मालिकावाल्यांनीच क्रम धाब्यावर बसवलाय, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?

नेहरूनगरची_लेक

नाशिकरोडच्या लोकांनी पहिला सीझन वेगळ्या डोळ्यांनी बघितला असणार, माझी पैज. माझे वडील करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कोणाला आठवत नाही. वडिलांचा नियम एकच, प्रेसमधलं प्रेसमध्ये. गेटवर झडती देऊन घरी आलेला माणूस, आज काय केलं विचारलं तर “काम” म्हणायचा. नोटबंदीनंतर सुट्ट्या बंद होऊन जादा पाळ्या लागल्या, तेव्हाही तोंडातून काही नाही.

टीव्हीवर हाणामारी लागली की ते उठून जातात. पण गोष्ट खोट्या नोटांवर आली आणि ते दारातच थांबले. मी हिंदी डब लावून दिलं. भानगड अशी आहे की एक डॉलरच्या खऱ्या नोटा गोळा करायच्या, शाई धुऊन काढायची आणि त्याच कागदावर शंभराची नोट छापायची. कागद खरा, त्यामुळे हाताला फरक कळत नाही.

वडील म्हणाले, “त्यांच्या सगळ्या नोटा एका मापाच्या, म्हणून हे सुचलं.” पाकिटातून दहाची आणि पाचशेची काढली, टीपॉयवर डाव्या कडा जुळवून एकीवर एक ठेवली. पाचशेची उजवीकडे चांगली बोटभर बाहेर. दहाची १२३ मिलिमीटर, पाचशेची १५० आणि रुंदीतही ३ मिलिमीटरचा फरक. “आता धू आणि कर पाचशेची!”

मग थांबेचनात. डॉलरचा कागद तीन भाग कापूस आणि एक भाग लिनन, आपलाही कापसाचाच, म्हणून पँटच्या खिशात राहून मशीनमधून निघालेली नोट लगदा होत नाही. साध्या कागदात स्टार्च असतो, खोटी नोट ओळखायचं आयोडीनचं पेन त्यावर काळं उमटतं. धुतलेल्या डॉलरवर ते फसणार. पण एक डॉलरच्या नोटेत जलचिन्ह नाही आणि सुरक्षा धागाही नाही. शंभरच्या नोटेत धागा १९९० च्या मालिकेपासून आहे, चेहऱ्याचं जलचिन्ह १९९६ च्या मालिकेपासून. “कोणी उजेडात धरून बघतच नाही का तिकडे?” हा प्रश्न त्यांनी पुढचे सगळे भाग विचारला. कादंबरी १९९७ ची, तेव्हा बाजारात जुन्या नोटा भरपूर होत्या, असं मी सांगितलं. पटलं नाही. मालिका आजच्या काळात घडते ना, मग आजच्या नोटेचं बोला, म्हणाले.

नोटेबद्दल वडील इतकं सलग बोललेले मी जन्मात ऐकले नव्हते. अर्थात दुसऱ्या देशाच्या नोटेबद्दल होतं, म्हणून चाललं असावं. शेवटी कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंदेखील नाही.

गंगापूररोडकर

नेहरूनगर, काकांना माझा नमस्कार सांगा. मी आत्ता पाकीट काढून विसाची आणि शंभराची लावून बघितली.

देवळाली_कॅम्प

सेवानिवृत्त आहे, तोफखान्यात होतो. मुलाने आग्रहाने दाखवली. रीचर मिलिटरी पोलिसात मेजर होता, ११० व्या विशेष तपास तुकडीचा प्रमुख. आपल्याकडे एमपी म्हटलं की लाल बेरे, दंडाला पट्टा, आणि कॅम्पातल्या रस्त्यावर हेल्मेट नसलेल्या जवानाला बाजूला घेणारे. त्यांना बघून सगळे शर्टाचं बटण लावतात. असा माणूस नायक होऊ शकतो हेच आम्हाला नवीन.

बारीकसारीक गोष्टी बरोबर आहेत. खोलीत गेल्यावर आधी दारं मोजणं, पाठ भिंतीला ठेवणं, मिळेल तेव्हा झोपून घेणं. सामान न बाळगणंही समजू शकतो, बदलीच्या नोकरीत ट्रंक हीच शिक्षा असते. पेन्शनवर हॉटेलात राहणं मात्र समजलं नाही.

काय_भो

पुस्तक वगैरे आपल्याला माहीत नाही भो. तिसरा सीझन फक्त पॉलीसाठी बघितला, खलनायकाच्या त्या राक्षसी पहारेकऱ्यासाठी. ऑलिव्हियर रिच्टर्स, ७ फूट २ इंच, नेदरलँड्सचा गडी. तोपर्यंत आपला रीचर सगळ्यांना वरून बघत असतो, इथे पहिल्यांदा मान वर करतो. अंबडच्या आमच्या जिममध्ये दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. एक पार्टी म्हणे वजन म्हणजे सर्वस्व, दुसरी म्हणे दम. शेवटची फाइट बघून दोन्ही पार्ट्या म्हणाल्या आम्हीच बरोबर.

दुसरा सीझन सोडून द्या. सगळे मित्र जमा झाले आणि हा गडी जोक मारायला लागला.

सिडकोची_सून

दुसऱ्या सीझनबद्दल पूर्ण सहमत. हेलिकॉप्टरमधून माणसं खाली टाकतात, सुरुवात अंगावर येते, पण रीचरला चार लोकांत बसवलं की त्याचं काहीतरी कमी होतं. एकटा असतो तेव्हाच तो लक्षात राहतो.

आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, मुलं झोपल्यावर आवाज बारीक करून बघायचो. त्यांना इंग्रजी येत नाही, हिंदी डबवर भागतं. कपडे मळले की हा नवे घेतो आणि जुने टाकून देतो, हे बघून त्या जाम चिडल्या. “धुवायला काय होतं रे मेल्या?” ओकिनावामधलं लहानपण दाखवतात, दोघे भाऊ आणि आई, तिथे मात्र गप्प झाल्या. थोरला भाऊ मेलाय हे आपल्याला कळलेलं असतं, आणि मागे जाऊन तोच पोरगा दिसतो. त्या भागानंतर त्यांनी मारामारीला नावं ठेवणं बंद केलं. भावासाठी चाललंय ना, मग चालू दे.

पहिल्या सीझनमधली पोलीस रॉस्को मला सगळ्यात आवडली. बंदूक तिच्याकडे, गाव तिचं, माहिती तिची. रीचर पाहुणा आहे हे ती त्याला विसरू देत नाही.

उपनगर_नाका

अर्ध्यात सोडली. पोलीसप्रमुखाला भिंतीवर खिळे ठोकून मारलेलं दाखवलं, तिथे जेवणाचं ताट बाजूला ठेवलं आणि टीव्ही बंद. पुस्तकातही आहे म्हणतात. असेल. वाचताना पान उलटता येतं, आपल्याला हवं तेवढंच दिसतं. इथे कॅमेरा हलतच नाही.

सावानाची_वाचक

उपनगर, मुद्दा रास्त आहे. त्या प्रसंगाची दोन पानं मीही भराभर उलटली होती.

सीबीएस_ते_मेळा

माझी शंका निराळी. अनोळखी माणूस बसमधून उतरून गावात चालत आला म्हणून अटक? आपल्या ठक्कर बाजारला उतरला असता तर रिक्षावाल्यांनी आधी त्र्यंबकेश्वर, मग शिर्डी, मग वणी विचारलं असतं. एवढा आडदांड माणूस दिसला तर एक रिक्षा कमी पडेल म्हणून दोन लावल्या असत्या. पहिल्या सीझनमधल्या मारग्रेव्हसारखं गाव, जिथे सगळं चकचकीत आणि गिऱ्हाईक एकही नाही, तिथेच ही गोष्ट चालते. दुकानं रिकामी आणि तरी दुकानदार खुश, हे बघून मला दुसऱ्याच भागात संशय आला होता. मेनरोडला ज्यांची दुकानं आहेत त्यांनी सांगा, तुम्हालाही आला का?

मेनरोड

पहिल्या भागात आला.

गंगापूररोडकर

चौथा सीझन ‘गॉन टुमॉरो’वर आहे, म्हणजे तेरावं पुस्तक. वाचलंय का कोणी?

सावानाची_वाचक

वाचलंय. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, रात्रीची वेळ, डब्यात मोजकी माणसं. समोर बसलेल्या बाईकडे बघून हा मनात एक यादी तपासायला लागतो, आत्मघाती हल्लेखोर ओळखायची. एकेक मुद्दा जुळत जातो आणि तो जागेवरून हललेलाही नसतो. आता हे ते बोलून दाखवणार की गप्प राहून, त्यावर माझं मत ठरेल. नेहरूनगर, यात नोटा नाहीत, पण काकांना बसवा.

नेहरूनगरची_लेक

विचारलं. रेल्वेचं तिकीट कुठे छापतात म्हणाले.