‘जिरली’ म्हणजे नेमकं काय जिरलं? ६५–७ आणि शेजाऱ्यांचा आनंद

डॅलसकरीण

मंडळी, एका भावनेला मराठी शब्द हवा आहे. आधी प्रसंग सांगते.

९ जानेवारी २०२३. कॅलिफोर्नियात इंगलवूडच्या सोफाय स्टेडियमवर कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता. (अमेरिकन फुटबॉल. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काखेत धरून पळायचा तो खेळ.) एका बाजूला आदल्या मोसमातले विजेते जॉर्जिया, दुसऱ्या बाजूला टीसीयू, म्हणजे फोर्ट वर्थची टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. मध्यंतरालाच ३८–७ झाले होते, शेवटी ६५–७. जॉर्जियाच्या स्टेटसन बेनेटने चार टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, सहा गुण) पास देऊन केले, दोन स्वतः पळत केले. चौथ्या भागात त्याला सन्मानाने बाहेर बोलावलं, कारण उरलेल्या वेळात त्याची गरजच नव्हती. टीसीयूचा एकुलता एक टचडाऊन मॅक्स डगनचा. ५८ गुणांचा फरक त्याआधी वरच्या विभागातल्या कुठल्याच बोल सामन्यात (मोसम संपल्यावरच्या खास सामन्यांना बोल म्हणतात) पडला नव्हता.

आता टीसीयूचे शेजारी बघा. वेकोचं बेलर, डॅलसचं एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी), ऑस्टिनचं टेक्सस. सगळी टेक्सस राज्यातलीच विद्यापीठं. यांच्यापैकी कुणाचाही संघ मैदानात नव्हता, तरी त्यांच्या चाहत्यांच्या आनंदाला उधाण आलेलं. हा जिंकल्याचा आनंद नाही आणि सूड घेतल्याचाही नाही, कारण सूड दुसऱ्यानेच घेतला. मी आजवर ‘आसुरी आनंद’ म्हणत आले, पण ते मनाला पटत नाही. आसुरी आनंद छळणाऱ्याला होतो. हे लोक तर सोफ्यावर बसून नाचोज खात होते.

एकच विनंती. जर्मन ‘शाडेनफ्रॉइड’ला प्रतिशब्द म्हणून ‘परदुःखानंद’ वगैरे घडवून आणू नका. असले शब्द बारशालाच वारतात.

पेठकर

बरी जिरली. दोन शब्दांत काम झालं. पुढचा धागा उघडा.

शब्दवेडी

थांबा पेठकर, इतक्यात धागा बंद होत नाही. ‘त्याची जिरली’ या वाक्यात जिरलं काय? क्रियापद स्त्रीलिंगी आहे, ‘त्याची’ ही षष्ठीही स्त्रीलिंगी नामाची वाट बघतेय, आणि नाम मात्र गायब. आपण ते मनात धरतो: रग, मस्ती, घमेंड, मिजास, शेखी, खुमखुमी. सगळ्या स्त्रीलिंगी. ‘माज’ पुल्लिंगी, म्हणून ‘माज जिरला’ असं पूर्ण म्हणावं लागतं. ‘त्याचा जिरला’ असं नुसतं कुणी म्हणत नाही. (मराठीत अशी कर्ता गिळलेली स्त्रीलिंगी क्रियापदं पुष्कळ आहेत. काही इथे लिहिण्यासारखी नाहीत, तुम्हाला माहीत आहेत.)

मूळ अर्थ बघा. पाणी जमिनीत जिरतं, जेवण पोटात जिरतं. वर दिसत होतं ते आत मुरलं आणि दिसेनासं झालं. रगही तशीच. म्हणजे ‘जिरली’ म्हणायचं तर समोरच्याची रग आधी सगळ्यांना दिसलेली असली पाहिजे. नुसत्या मोठ्या पराभवाने कुणाची जिरत नाही. तिसरीतल्या पोराला सातवीतल्याने कुस्तीत पाडलं तर पोर हरलं, त्याची जिरली नाही.

तेव्हा डॅलसकरीणताई, आधी हे सांगा: टीसीयूला मस्ती आली होती का?

डॅलसकरीण

तिथेच तर अडतंय. २०२१ मध्ये टीसीयू ५–७, म्हणजे जिंकले कमी आणि हरले जास्त. २०२२ च्या मोसमाआधी बिग ट्वेल्व्ह परिषदेच्या (परिषद म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट; नावात बारा, तेव्हा संघ दहा) दहा संघांत पत्रकारांनी त्यांना सातवं धरलं होतं. पहिलं कोण? बेलर! मोसम संपला तेव्हा बेलर ६–७ आणि टीसीयू साखळीत १२–०. मग परिषदेच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून जादा वेळेत ३१–२८ अशी निसटती हार आणि ३१ डिसेंबरला उपांत्य सामन्यात मिशिगनवर ५१–४५ असा विजय. एवढं करून आलेल्या संघाला ‘माजलेला’ कसं म्हणणार?

उलट बेलरची ठसठस वेगळीच आहे. नोव्हेंबरमध्ये वेकोतच बेलर २८–२६ पुढे होतं. टीसीयूकडे टाइमआऊट शिल्लक नाही, घड्याळ पळतंय, अशात त्यांची किकची तुकडी धावत मैदानात आली, जागेवर उभी राहिली आणि वेळ संपता संपता चाळीस यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. त्याचे तीन गुण. २९–२८. तो सल दोन महिने जुना होता.

मालवणी माणूस

मग ‘बरां झाला’ म्हणा की! आमच्याकडे ह्या एका वाक्यात सगळा येता. समोरचो माजलेलो असूची गरज नाय. तो आमका आवडत नाय, इतक्याच पुरे.

प्रमाण भाषेत सांगायचं तर ‘चांगलं झालं’ आणि ‘बरं झालं’ यांतला फरक बघा. चांगलं झालं ते तुझं. बरं झालं ते माझं, तुझं वाईट झालं म्हणून. आणि ‘बरं’वर जोर देऊन ‘झालं’ जरा लांबवलं की कुणाला शंकाच राहत नाही.

सांगलीकर

आमच्याकडं ‘कसं गार गार वाटतंय’ चालतं. ‘काळजात गारवा’ हा कवितेतला, ‘गार वाटणं’ हे कट्ट्यावरचं. बेलरच्या पोटात त्या किकपासून आग होती, ती इझाली. राग शांत झाल्याचं त्यात येतं. ‘बरं झालं’मधी ते नाही.

पराभवाचे शब्द मात्र सरमिसळ करू नका. चीतपट, अस्मान दाखवलं, लोळवलं, धूळ चारली हे जिंकणाऱ्याच्या बाजूचे. जॉर्जियानं म्हणावेत. धुव्वा उडाला, फज्जा उडाला, बोऱ्या वाजला हे हरणाऱ्याच्या बाजूचे. बघणाऱ्याच्या तोंडी दुसरेच जास्त शोभतात. ‘टीसीयूचा बोऱ्या वाजला’ म्हणताना म्हणणारा हसत असतो. ‘टीसीयूचा दारुण पराभव’ म्हणणारा बातम्या वाचत असतो.

पेठकर

आणि पानिपत? ६५–७ ला दुसरा शब्दच नाही.

शब्दवेडी

पानिपताबद्दल मी जरा हट्टी आहे. १४ जानेवारी १७६१ ची हार आपली. घराघरातून माणसं गेली, म्हणून तो शब्द सर्वनाशाला आला. दुसऱ्याच्या हारीवर टाळ्या पिटताना आपल्या घरच्या सुतकाचं नाव घ्यायचं हे मला कसंसंच वाटतं.

पेठकर

कसंसं वाटो न वाटो, ‘अमक्या पक्षाचं पानिपत’ हा मथळा दर निवडणुकीला येतो आणि तो छापणाऱ्याला कुठलं सुतक नसतं. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला. आता तो नुसता आकड्याला लागतो.

शब्दवेडी

आकड्याला लागतो हे मान्य. पण म्हणूनच तो या धाग्याच्या कामाचा नाही. ताईंना हारीचा शब्द नकोय, बघणाऱ्याच्या मनाचा हवाय.

ऑस्टिनवाला

एक दुरुस्ती सुचवतो. बेलर आणि एसएमयू यांना एका माळेत ओवू नका. एसएमयूच्या तोंडी ‘जिरली’ शंभर टक्के बसतं, फक्त ती संघाची नाही, प्रशिक्षकाची.

टीसीयूचे प्रशिक्षक सनी डाइक्स २०१८ पासून एसएमयूकडे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते उठले ते थेट तासाभरावरच्या हाडवैऱ्याकडे गेले. या दोन संघांच्या सामन्याला ‘आयर्न स्किलेट’ म्हणतात, बक्षीस म्हणून चक्क बिडाचा तवा. टीसीयूचं बोधचिन्ह शिंगवाला बेडूक (खरं तर तो सरडा, पण नाव बेडकाचं). पूर्वी एका एसएमयूवाल्याने सामन्याआधी बेडकाच्या तंगड्या तव्यावर तळल्या आणि तिथून हे सुरू झालं अशी गोष्ट सांगतात. तर डाइक्स सप्टेंबर २०२२ मध्ये पाहुणे म्हणून डॅलसला परत आले आणि ४२–३४ ने जिंकून तवा घेऊन गेले. एसएमयूच्या लेखी तो माणूस फितूर. फितुराची चलती चालू असते तोवर त्याची रग न बोलताच दिसते. मग ६५–७ झालं. ‘जिरली!’

आणि हे एकदाच झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एसएमयूने त्यांना ६६–४२ ने हरवलं. त्या सामन्यात पंचांशी वागण्यावरून दोन दंड होऊन डाइक्स यांना मैदानाबाहेर जावं लागलं. मग त्याच डिसेंबरात एसएमयू प्लेऑफला (विजेतेपदाच्या बाद फेरीला) गेलं आणि पेन स्टेटकडून ३८–१० ने हरलं. आता ‘बरं झालं’ म्हणायची पाळी फोर्ट वर्थची.

वऱ्हाडी पाव्हणा

आमच्या इकडं याले ‘परदुःख शीतळ’ म्हनतेत ना?

शब्दवेडी

नाही हो पाव्हणे, तिथे गल्लत होते. परदुःख शीतळ म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची धग आपल्याला लागत नाही. त्यात आनंद नाही, बेफिकिरी आहे. ६५–७ ला ‘परदुःख शीतळ’ म्हणणारा चाहता म्हणजे मध्यंतराला टीव्ही बंद करून झोपलेला. बेलरवाला शेवटपर्यंत जागा होता.

वऱ्हाडी पाव्हणा

मंग ‘सुंठीवाचून खोकला गेला’ घ्या. बेलरच्यानं झालं नाही, अन् परस्पर काटा निघाला.

डॅलसकरीण

हे जवळ आलं! पण खोकला गेल्यावर माणूस निवांत होतो, आणि बेलरवाले निवांत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीच धग लागायला लागली. ती सांगितल्याशिवाय माझा प्रश्न पुरा होत नाही.

बेलर आणि टीसीयू दोघंही बिग ट्वेल्व्ह परिषदेतले, जॉर्जिया एसईसीतलं (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, तीही एक परिषद). एसईसीचा संघ बाहेरच्याला लोळवतो तेव्हा त्यांच्या स्टँडमधून संघाच्या नावाबरोबर परिषदेचाही घोष होतो: ‘एस-ई-सी! एस-ई-सी!’ म्हणजे ६५–७ चा अर्थ देशभर असा लावला गेला की बिग ट्वेल्व्हच हलकी. जो संघ बेलरला वेकोत हरवून गेला, त्याला जॉर्जियाने असा धुतला, तर बेलरची किंमत काय? टीसीयूवर हसावं तर आपलंच हसं होतं.

इथे मला आपला शब्द आठवला: भाऊबंदकी. तोही नुसता उपमेपुरता नाही. टीसीयू १८९५ ते १९१० वेकोतच होतं. आग लागून मुख्य इमारत जळाली आणि ते फोर्ट वर्थला गेलं. १८९९ मध्ये त्यांचा बेलरशी पहिला सामना झाला तेव्हा दोघं एकाच गावचे. एक बाप्टिस्टांचं, एक डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट पंथाचं. शेजारी, समधर्मी आणि बांधावरून भांडणारे. २०१४ मध्ये तर बेलर ६१–५८ असा सामना जिंकलं, दोघांना बिग ट्वेल्व्हचं संयुक्त विजेतेपद मिळालं, आणि पहिल्यावहिल्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये दोघांनाही जागा मिळाली नाही. ओहायो स्टेट विस्कॉन्सिनला ५९–० हरवून आत गेलं. वाटणीवरून भांडत बसलेल्या भावांची जमीन तिसऱ्यानेच नेली.

शब्दवेडी

मग तुमच्या प्रश्नाला म्हण आहे आणि ती चांगलीच तिखट आहे: नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. शब्द आज उच्चारायला नको वाटतो, पण हिशेब पहा. परिषदेची अब्रू गेली तरी चालेल, टीसीयूचं नाक कापलं गेलं पाहिजे. ‘जिरली’त बोलणाऱ्याचं काही जात नाही. या म्हणीत जातं, आणि ते जातंय हे ठाऊक असून तो खूश आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला धर्मराजाचं ‘वयं पंचाधिकं शतम्’. आपसात आम्ही पाच आणि ते शंभर, बाहेरच्याशी गाठ पडली की एकशे पाच. एसईसीचा घोष हा शुद्ध धर्मराज आहे. बेलरचा चाहता रात्री सवत होता आणि सकाळी पत्रकारांशी वाद घालताना धर्मराज झाला असणार.

ऑस्टिनवाला

आम्हा टेक्ससवाल्यांना सकाळचाही त्रास नव्हता. आमचा एसईसीत जायचा निर्णय २०२१ मध्येच जाहीर झाला होता (प्रत्यक्षात गेलो १ जुलै २०२४ ला). एक पाय त्या घरात. त्यामुळे ६५–७ ला आमच्याकडे दोन्ही हातांत लाडू. नोव्हेंबरमध्ये टीसीयू ऑस्टिनला येऊन १७–१० ने जिंकलं होतं, त्याची भरपाई झाली आणि वर भावी घराची शानही वाढली. याला मात्र भाऊबंदकी म्हणू नका. याला ‘वाटणी करून बाहेर पडलेला’ म्हणतात.

आणि मिशिगनवाल्यांचा विचार कुणीच केला नाही. टीसीयूने त्यांना हरवलं, नऊ दिवसांनी टीसीयू ५८ गुणांनी हरलं. मिशिगनला यात आनंद कुठून होणार? ‘ज्याने आपल्याला पाडलं तो निदान जिंकावा’ अशी हरणाऱ्याची इच्छा असते, म्हणजे आपली हारही जरा वजनदार दिसते. हसले असतील ते ओहायो स्टेटवाले. जॉर्जियाकडून ते ४२–४१ असे एका गुणाने हरले होते आणि त्यांचं हाडवैर मिशिगनशी. टीसीयूशी त्यांचं काही घेणंदेणं नाही, तरी ६५–७ मधून त्यांना मिशिगनच्या नावाने गुदगुल्या. या चुलत-आनंदाला शब्द आहे का?

मालवणी माणूस

शेजाऱ्याच्या मेव्हण्याचा बरां झाला.

पेठकर

ठीक आहे, बेलरच्या तोंडून ‘जिरली’ काढून घ्या. पण मग अस्सल ‘जिरली’चं उदाहरण एक तरी द्या. एसएमयूचं आडवळणाचं आहे. संघाची जिरलेली दाखवा.

ऑस्टिनवाला

घ्या. ओक्लाहोमा, ४ जानेवारी २००५, मायामीचा ऑरेंज बोल. २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षं त्यांनी टेक्ससला हरवलं होतं, शेवटच्या वर्षी १२–० असं, आम्हाला खातंही उघडू न देता. रग दिसायला आणखी काय हवं? अपराजित म्हणून विजेतेपदाच्या सामन्याला गेले आणि यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) ५५–१९ ने झोपवले. त्या रात्री ऑस्टिनमध्ये मराठी येत असतं तर एकच शब्द ऐकू आला असता.

गंमत पुढे आहे. एका खेळाडूने नियमबाह्य लाभ घेतल्याच्या प्रकरणात २०११ मध्ये यूएससीचं ते विजेतेपद काढून घेतलं. त्यांचा विजय नोंदीतून रद्द झाला, ओक्लाहोमाची हार मात्र तशीच राहिली. म्हणजे कागदोपत्री तो सामना कुणीच जिंकलं नाही, पण ओक्लाहोमाची जिरली ती जिरलीच.