थ्रेडलोकल लावलं की झालं?

सड्यावरून: खाडीपलीकडे यांनी काल लिहिलं: 'हापूसच्या साइटवर पुण्याची पेटी ठाण्याच्या नावावर चढते, कारण चालू ग्राहक स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवतात. थ्रेडलोकल वापरा, विषय संपला.' स्टॅटिक सगळ्या रिक्वेस्टींना सामायिक, थ्रेडलोकल प्रत्येक थ्रेडला (रिक्वेस्ट चालवणाऱ्या धाग्याला) वेगळं, इतपत ठीक. पण संपला कसला? टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर दर रिक्वेस्टला नवा थ्रेड काढत नाही. तयार थ्रेडांचा पूल असतो, डिफॉल्ट कमाल २००. होडी तीच, खेप नवी. मागचे बांगडे तळाशी राहिले तर वास पुढच्या उतारूला. लॉगिनवाली रिक्वेस्ट दरवेळी नवं मूल्य भरते, म्हणून चाचणीत काहीच दिसत नाही. बिनलॉगिनची रिक्वेस्ट त्याच थ्रेडवर आली की आधीच्याचा पत्ता समोर! फिल्टरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून जाते तिथे) सेट करा आणि फायनलीमध्ये, म्हणजे चूक झाली तरी शेवटी चालतोच त्या भागात, रिमूव्ह.

खाडीपलीकडे: रिमूव्ह गृहीतच असतं हो. बालवाडी नाही ही.

सड्यावरून: मग एसएमएसचं काम एक्झिक्युटरवर, म्हणजे मागे चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडपूलवर, टाकलं की ग्राहक नल (रिकामा) का येतो, तेही गृहीत धरा. इनहेरिटेबल (नव्या थ्रेडला वारशाने मूल्य देणारं थ्रेडलोकल) लावाल, तर ते थ्रेड जन्मताना कॉपी होतं, काम टाकताना नाही. पूलमधला थ्रेड जुनाच ग्राहक धरून बसतो.

माडाखाली: जावावाल्यांच्या गजाली संपायच्या नाहीत. पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमचा वर्कर (प्रोसेस) एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, ती संपली की सगळी व्हेरिएबलं साफ.

खाडीपलीकडे: साफ? पीडीओचं (पीएचपीची डेटाबेसशी जोडणी) पर्सिस्टंट, म्हणजे रिक्वेस्ट संपली तरी उघडं राहणारं, कनेक्शन लावून बघ. मायएसक्यूएलची टेम्पररी टेबलं, सेशन व्हेरिएबलं पुढच्या रिक्वेस्टला जशीच्या तशी.

माडाखाली: डेटाबेस कुठून आणलात मध्येच?

खाडीपलीकडे: गळती तिथेच जास्त, म्हणून. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणारा) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर साधा 'सेट' सर्व्हर कनेक्शनला चिकटतो. ट्रान्झॅक्शन संपली की तेच कनेक्शन दुसऱ्याच्या हाती. सेशनचं सगळं पुसणारं डिस्कार्ड ऑल डिफॉल्टला फक्त सेशन मोडमध्ये चालतं. दुकानाचा आयडी रो-लेव्हल सिक्युरिटीसाठी (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसच ठरवतो) असा ठेवलात, तर एका बागायतदाराच्या ऑर्डरी दुसऱ्याला दिसतील. ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या 'बिगिन'नंतर 'सेट लोकल' करा. कमिट किंवा रोलबॅक झालं की आपोआप उतरतं.

सड्यावरून: हे बरोबर. मूळ पोस्टमध्ये हेच लिहिलं असतंत तर मी तोंड उघडलं नसतं.

भरतीओहोटी: पायथनच्या असिंकआयओवाल्यांना कुणी विचारतच नाही. तिथे एकाच थ्रेडवर शंभर रिक्वेस्टी. अवेटवर (उत्तराची वाट बघत) एक थांबली की दुसरी थ्रेडलोकलवर आपलं नाव लिहून मोकळी. पायथन ३.७ पासून कॉन्टेक्स्टव्हार आहे, प्रत्येक टास्कला संदर्भाची वेगळी प्रत. नोडमध्ये (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) त्याच कामाला असिंकलोकलस्टोरेज.

माडाखाली: म्हणजे 'थ्रेडलोकल वापरा' हा सल्ला तिथे चक्क घातक.

खाडीपलीकडे: बरं बाबांनो, पोस्टमध्ये फायनली जोडतो, असिंकचीही ओळ टाकतो. 'विषय संपला' तेवढं राहणार.