50 पेट्या, त्यातल्या 33 एकाच बागायतदाराच्या कशा?

देवगड_तिठा
मंडळी, दोन रात्री झोप नाही. जामसंड्यात एका आंब्याच्या पॅकिंग शेडसाठी पेट्यांची सिस्टीम करून दिलीय. सर्व्हर जावात, स्प्रिंग बूट. स्टिकर स्कॅन करायला कॉटलिनमधलं अँड्रॉइड अ‍ॅप, आणि ऑफिसातल्या वहिनींसाठी साध्या जावास्क्रिप्टचं वेब पान. पाच डझनाची पेटी, प्रत्येक पेटीला एक नंबर.

काल 50 स्टिकरं एकदम काढली. अ‍ॅपवर सगळं ठीक. वेबवर यादी येते, नावंही बरोबर. पण ओळीवर क्लिक करून तपशील उघडला की 33 पेट्या एकाच माणसाच्या निघतात आणि उरलेल्या 17 ना "पेटी सापडली नाही". तो माणूस खूश आहे. बाकीचे काका शेडात येऊन विचारतात, "माझी पेटी गेली खंय?"

डेटाबेसात 50 वेगळ्या नोंदी आहेत. सर्व्हर रीस्टार्ट केला, कॅश पुसली, लाइटीवरही संशय घेऊन झाला (दुपारपासून तीनदा गेली होती). टेस्टिंगला हे कधीच झालं नव्हतं. आयडी जावात लाँग आहे.

आणखी एक. तोडणीची तारीख वेबवर एक दिवस मागे दिसते. 12 एप्रिलला उतरवलेला आंबा 11 चा. गिऱ्हाईक तारखेवरून आढी कधी उघडायची ते ठरवतं, त्यामुळे हेही नाजूकच.

खाडीपलीकडे
टेस्टिंगचे आयडी केवढे होते? आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये एकाच पेटीचा नंबर "रिस्पॉन्स" (सर्व्हरचं कच्चं उत्तर) आणि "प्रिव्ह्यू" (ब्राउझरने वाचून मांडलेलं) दोन्हीकडे वाचून सांग.

देवगड_तिठा
टेस्टिंगला 1 ते 40. नंतर आयडी बनवणारी लायब्ररी लावली, आता 18 आकडी येतात. रिस्पॉन्समध्ये 182345678901234567, प्रिव्ह्यूत 182345678901234560. एकाच पेटीचे दोन नंबर?

खाडीपलीकडे
सापडलं. सर्व्हर निर्दोष आहे, लाइटही.

जावाचा लाँग 64 बिटांचा पूर्णांक. कॉटलिनचाही तोच, म्हणून अ‍ॅप गप्प. जावास्क्रिप्टचा साधा नंबर मात्र दशांशवाला डबल असतो, त्यात पूर्णांक खात्रीने धरले जातात ते 9007199254740991 पर्यंतच. त्यापुढे तो जवळच्या घरात जाऊन बसतो. तुझ्या आकड्यांच्या भागात ही घरं 32-32 च्या अंतरावर आहेत. तुझे नंबर शेवटच्या तीन आकड्यांनी 541 ते 590 असणार. बघ, 544 ते 576 हे सगळे 560 होतात. मोज, 33 भरतात. 560 ही खरीच कोणाची तरी पेटी आहे, ती उघडते. उरलेले 528 किंवा 592 च्या घरात बसतात, जावास्क्रिप्ट ते लिहिताना आखडून 530 किंवा 600 करतं आणि तेच सर्व्हरकडे जातात, आणि त्या नंबरच्या पेट्याच नाहीत.

सर्व्हरचं उत्तर जेसन नावाच्या मजकुरात येतं, तो पार्स होतानाच, म्हणजे ब्राउझर वाचून घेतो तेव्हाच, हे घडतं. रिव्हायव्हर (पार्स होताना प्रत्येक किंमत बदलू देणारं फंक्शन) लावलास तरी त्याच्या हाती येणारी किंमत आधीच वाकलेली असते. बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार भाषेत आहे, पण साधं पार्स तो आपणहून बनवत नाही. म्हणून आयडी सर्व्हरवरूनच स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, म्हणून पाठव. जॅक्सनमध्ये (जावाची जेसन लिहिणारी-वाचणारी लायब्ररी) त्या फील्डवर टूस्ट्रिंग सिरियलायझर लाव, एका ओळीचं काम. परत येताना अवतरणातला आकडा जॅक्सन आपणहून लाँगमध्ये घेतो.

मचव्यावरचा_कोडर
त्यापेक्षा आयडीच लहान ठेवा की! एका शेडला 18 आकडी नंबर कशाला? समुद्र बघायला गलबत घेण्यातला प्रकार.

खाडीपलीकडे
मुद्दा खरा आहे. पण स्टिकरं छापून पेट्यांना लागलीत, आता मुंबईला निघतील. आणि पेटीच्या नंबरची बेरीज थोडीच करायचीय? मोबाईल नंबरसारखाच तो.

कुणकेश्वर_बायपास
तारखेचं मी सांगते, मी यात आठवडा घालवलाय. सर्व्हरवर जावाची जुनी युटिल डेट असणार. ती म्हणजे दिवस नव्हे, क्षण. आपल्याकडची 12 तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) 11 ची संध्याकाळ, 18:30. जॅक्सन यूटीसीत लिहितो आणि तुम्ही वेबवर पहिली दहा अक्षरं कापून दाखवत असाल. हो ना?

तोडणीला लोकलडेट वापरा, जावाचा नुसता दिवस धरणारा प्रकार. वेबवर ती स्ट्रिंग तशीच दाखवा, तिचा डेट ऑब्जेक्ट करू नका. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरतं. इथे त्याचे पहाटेचे साडेपाच होतात म्हणून काही कळत नाही, दुबईतही निभावतं. अमेरिकेतला मुलगा घरच्या पेटीचं पान उघडतो तेव्हा पुन्हा 11 तारीख.

देवगड_तिठा
दहा अक्षरं कापत होतो, कबूल.

दोन्ही बदल केले. अ‍ॅप जीसन (जॅक्सनसारखीच लायब्ररी) वापरतं, त्याने स्ट्रिंगमधला आयडी कुरकुर न करता लाँगमध्ये घेतला, म्हणजे फोनांवर नवीन अ‍ॅप टाकत फिरायला नको. वेबवर एका ठिकाणी आयडीवर पार्सइंट (स्ट्रिंगचा पुन्हा आकडा करणारं फंक्शन) मारून ठेवलं होतं, मीच, कधीतरी. ते काढेपर्यंत अर्धा तास पुन्हा तेच 560. मग वहिनींनी 50 च्या 50 पेट्या उघडून पाहिल्या, तारखा 12.

आता तो खूश असलेला माणूस शेडात येऊन बसलाय. त्याच्या 32 पेट्या कुठे गेल्या म्हणून.