शब्दचर्चा: लेसरने तयार झालेल्या प्लाझ्माची ‘उत्क्रांती’?

प्रश्न: एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहितोय. काही नॅनोसेकंदांची लेसर पल्स धातूवर पडते, वरचा थर उडून त्याचा प्लाझ्मा (आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचा तापलेला वायू) होतो. तो कसा पसरतो आणि कसा बदलत जातो, हे मोजलं आहे. एक्स्पान्शनला ‘प्रसरण’ आणि इव्होल्यूशनला ‘उत्क्रांती’ चालेल का? आणि प्लूमला, म्हणजे पृष्ठभागावरून उसळणाऱ्या प्लाझ्माच्या ढगाला, ‘पिसारा’?

प्रतिसाद: उत्क्रांती नको, माकडं आठवतात. इथे सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांचा. प्लाझ्मा निवतो, विरळ होतो, इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना जाऊन मिळतात. ‘कालानुसार होणारे बदल’ लांबलचक आहे, पण अर्थ चोख पोचतो.

प्रतिसाद: ‘स्थित्यंतर’ कसा वाटतो?

प्रतिसाद: त्यात एका अवस्थेतून दुसरीत गेल्याचा भाव येतो. इथे मधे कुठे पायरीच नाही.

प्रतिसाद: प्रसरण बरोबर आहे, फक्त कुठलं ते सांगा. निर्वातात प्लाझ्माची आघाडी (फ्रंटला हाच शब्द घ्या) सेकंदाला साधारण 10 किलोमीटर अशा वेगाने सुटते आणि अंतर-काळ आलेख जवळजवळ सरळ रेषेत जातो. हे मुक्त प्रसरण. भोवती वायू असेल तर तो दाबला जातो, आघात-तरंग (शॉक वेव्ह) उठतो आणि अंतर काळाच्या 2/5 घाताच्या प्रमाणात वाढतं. हा सेडोव्ह-टेलर नियम. त्यापुढे वायूचा रोध वाढतो आणि आघाडी थबकते. तिन्हींना नुसतं ‘पसरणं’ म्हटलंत तर निबंधातला मुद्दाच हरवेल.

‘पिसारा’ मात्र नको. लेसर तिरका पडला तरी प्लूम पृष्ठभागाला काटकोनातच पुढे झेपावतो, मोरासारखा फुलत नाही. ‘झोत’ म्हणावं तर मागून सतत पुरवठा असल्यासारखं वाटतं. मला ‘लोळ’ आवडतो.

प्रतिसाद: लोळ छानच, पण प्रयोगशाळेत सगळे प्लूमच म्हणतात, तोच ठेवा. शब्दापेक्षा वाक्यरचना सांभाळा. ‘तोच प्लाझ्मा 100 आणि मग 200 नॅनोसेकंदांनी टिपला’ असं लिहू नका. सहसा एका पल्सला कॅमेऱ्याचं गेट (क्षणभरच प्रकाश आत घेणारी झडप) एकदाच उघडतं. पुढच्या चित्रासाठी लेसर पुन्हा मारायचा, पल्सनंतर गेट उघडण्याचा विलंब वाढवायचा. म्हणजे ती ‘फिल्म’ वेगवेगळ्या प्लूमची चित्रं जोडून केलेली असते. शिवाय कॅमेऱ्याला दिसतो तो चमकणारा भागच.

आणि डायग्नॉस्टिक्सला ‘निदान’ लिहायचा मोह टाळा. ‘निदान प्लाझ्मा तरी’ असं वाचलं जातं! ‘मापनपद्धती’ लिहा.

प्रश्नकर्ता: आघाडी, मुक्त प्रसरण, मापनपद्धती घेतले. स्टार्क ब्रॉडनिंगला?

प्रतिसाद: ‘स्टार्क रुंदीकरण’ लिहिलंत तर रस्त्याचं काम वाटेल. ‘वर्णरेषेचं रुंदावणं’ लिहा आणि कारण जोडा: भोवतीच्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या विद्युतक्षेत्राने रेषा पसरते. हायड्रोजनची 656.28 नॅनोमीटरची रेषा जितकी रुंद, तितकी इलेक्ट्रॉनांची घनता जास्त. अगदी सुरुवातीला अखंड वर्णपटाच्या झगझगाटात ती बुडालेली असते, म्हणून थोडं थांबून मोजतात.